बॉम्बनं मोजदाद होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इराणवर पुन्हा हल्ला होऊ नये, असं मी दसऱ्याच्या आठवड्यात लिहिलं होतं. २८ सप्टेंबर २०२५ ला अणुकार्यक्रमावरून लादलेले संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध इराणवर परत लागू झाले आणि युद्धाच्या दुसऱ्या फेरीची भाषा ऐकू येऊ लागली, म्हणून तो लेख. ऐन दिवाळीत वेळ काढून तुम्ही त्यावर दोन पानी प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. तुम्ही २२ वर्षं फौजेत काढलीत हे वाचल्यावर ती मी पुन्हा सावकाश वाचली.

तुमचं म्हणणं असं: युरेनियम साठ टक्क्यांपर्यंत नेणारा देश विजेसाठी ते करत नसतो. इस्रायलनं १९८१ मध्ये इराकची अणुभट्टी उडवली म्हणूनच सद्दामच्या हाती बॉम्ब लागला नाही. डोक्यावरच्या रुमालावरून मुलींचा जीव घेणाऱ्या राजवटीची मी वकिली करतोय. आणि पुण्यात पंख्याखाली बसून शांततेचे धडे द्यायला काही लागत नाही.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. "हा कार्यक्रम ऊर्जेसाठी आहे असं इराण म्हणतो" एवढं एक वाक्य लिहून मी पुढे गेलो होतो. ते अपुरं होतं. कसं, ते नीट सांगतो, कारण माझा युद्धाला असलेला विरोधही तिथूनच निघतो.

सुपात हजार दाणे घेतलेत असं समजा. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये त्या हजारातले सातच दाणे कामाचे असतात, बाकीचे जवळजवळ सगळे निरुपयोगी. सेंट्रिफ्यूज नावाची यंत्रं प्रचंड वेगानं फिरून ते निवडतात. यालाच समृद्धीकरण म्हणतात. वीज बनवायला तीन ते पाच टक्के शुद्धता पुरते. ३.६७ टक्क्यांसाठी हजारातले आठशेच्या वर दाणे पाखडून टाकावे लागतात, सुपात एकशे नव्वदच्या आसपास उरतात. साठ टक्क्यांना पोचलात की उरतात फक्त बारा, त्यात सात कामाचे. बॉम्बला लागते साधारण नव्वद टक्के शुद्धता, तेव्हा उरतात आठ. म्हणजे साठवरून नव्वदवर जायला फक्त चार दाणे वेचायचे. बाकी सगळी मेहनत आधीच झालेली. ज्या देशाच्या सुपात बारा दाणे आहेत, त्याच्याकडे शेजाऱ्यांनी संशयानं बघावं, यात गैर काही नाही.

पण ते तिथवर पोचले कसे, हेही पाहा. अमेरिका आणि इतर मोठ्या देशांशी जुलै २०१५ मध्ये झालेल्या करारानुसार ३.६७ टक्क्यांच्या वर जायचं नाही, ३०० किलोपेक्षा जास्त साठा ठेवायचा नाही, फोर्दोच्या डोंगराखालच्या अणुकेंद्रात १५ वर्षं समृद्धीकरण करायचं नाही, असं इराणनं मान्य केलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत होते, कॅमेरे लावलेले, यंत्रांना सील ठोकलेली. इराण करार पाळतोय असा अहवाल ते दर वेळी देत होते. ८ मे २०१८ ला अमेरिका त्यातून बाहेर पडली. इराण वर्षभर थांबला, २०१९ च्या जुलैत त्यानं मर्यादा ओलांडली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये साठ टक्क्यांवर गेला. २०१८ नंतर निर्बंध होते, घातपात होते, शास्त्रज्ञाचा खून होता. साठा वाढतच गेला. तो आटोक्यात राहिला ती वर्षं कराराची होती.

१३ जून २०२५ ला इस्रायलनं हल्ला केला, त्या दिवशी इराणकडे साठ टक्क्यांचं सुमारे ४४० किलो युरेनियम होतं. हा आकडा जगाला कुठून कळला? कुठल्या विमानातून नाही की उपग्रहावरून नाही. आत जाऊन वजन करणाऱ्या निरीक्षकांकडून कळला. २२ जूनला अमेरिकेनं साडेतेरा हजार किलोचा एक, असे १४ बॉम्ब फोर्दो आणि नतांझ इथल्या अणुकेंद्रांवर टाकले. जुलैच्या सुरुवातीला इराणनं त्या संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला आणि निरीक्षक देशाबाहेर पडले. पुढे थोडे परतले, पण २०२५ च्या दिवाळीपर्यंत तरी बॉम्ब पडलेल्या जागी त्यांना जाता आलं नव्हतं. तो साठा ठेवतात पाणबुड्याच्या पाठीवर असते तेवढ्या सिलिंडरांत. ती सिलिंडरं ढिगाऱ्याखाली आहेत की आधीच हलवली, हे तोवर कुणीही तपासून पाहिलं नव्हतं.

तुम्ही फौजेत होतात. समोरच्याकडे दारूगोळा किती आहे हे रोज मोजून सांगणारी माणसं आत असणं आणि नसणं, यातला फरक मी तुम्हाला सांगायची गरज नाही. यंत्रं तुटली, मान्य. ती बनवणाऱ्यांची विद्या डोक्यात असते आणि यंत्रं पुन्हा बनतात. पण मोजदाद थांबली, आणि ती बॉम्बनं परत सुरू होत नाही.

आता १९८१. बगदादजवळच्या त्या अणुभट्टीवर आधी, सप्टेंबर १९८० मध्ये, खुद्द इराणच्या विमानांनी बॉम्ब टाकले होते. हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. ७ जून १९८१ ला इस्रायलनं ती पुरती उडवली. ती भट्टी फ्रान्सनं बांधलेली आणि आंतरराष्ट्रीय देखरेखीखालची होती. त्यानंतर सद्दामनं गुपचूप, कितीतरी मोठ्या प्रमाणावर युरेनियम समृद्धीकरणाचं काम सुरू केलं. जगाला त्याचा खरा आवाका कळला तो १९९१ च्या आखाती युद्धानंतर, निरीक्षक आत गेले तेव्हा. तो कार्यक्रम मोडून काढला तोही निरीक्षकांनीच. ते काम इतकं चोख झालं होतं की २००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या तेव्हा सापडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल् बरादेई यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत सांगितलं होतं की अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा नाही आणि इराकनं आफ्रिकेतल्या नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं अस्सल नाहीत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं. आपल्या संसदेनं त्या एप्रिलमध्ये त्याचा निषेध केला, तेव्हा सरकार वाजपेयींचं होतं. शांततावाद्यांचं सरकार नव्हतं ते, पोखरण घडवणारं होतं.

लिबियाच्या गद्दाफीनं २००३ मध्ये आपला अणुकार्यक्रम देऊन टाकला, २०११ मध्ये नाटोची विमानं त्याच्यावर आली आणि तो मारला गेला. उत्तर कोरियानं २००६ मध्ये चाचणी केली, त्याच्यावर कुणी हल्ला करत नाही. तेहरानमधल्या एखाद्या सेनाधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, यातून तो काय शिकेल? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांनी सिनेटसमोर साक्ष दिली होती की इराण अण्वस्त्र बनवत नाहीये. ओमानच्या मध्यस्थीनं इराण आणि अमेरिकेची बोलणी सुरू होती, सहावी फेरी १५ जूनला मस्कतमध्ये ठरलेली होती. हल्ला झाला १३ जूनला. पुढच्या वेळी टेबलावर बसा म्हणणाऱ्या इराण्याचं त्याच्याच देशात कोण ऐकणार?

राजवटीच्या वकिलीबद्दल. हा आरोप मला लागला, खोटं कशाला बोलू. रुमाल नीट नाही म्हणून पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी २२ वर्षांची होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती गेली तेव्हा मी याच जागी लिहिलं होतं, आजही त्यातला शब्द बदलणार नाही. पण २३ जून २०२५ ला इस्रायलचे बॉम्ब पडले ते तेहरानच्या एविन तुरुंगावर. याच तुरुंगात ही राजवट आपले विरोधक कोंडते. त्यात सत्तरहून जास्त माणसं गेल्याचं इराणनं सांगितलं, कैदी आणि त्यांना भेटायला आलेले नातेवाईकही त्यांत होते. शिरीन एबादी आणि त्याच तुरुंगात कितीतरी वर्षं काढलेल्या नर्गिस मोहम्मदी, दोघीही शांततेच्या नोबेलच्या मानकरी, यांनी इतरांबरोबर त्या दिवसांत एक निवेदन काढलं. समृद्धीकरण थांबवा आणि युद्धही थांबवा, अशा दोन्ही मागण्या त्यात होत्या. राजवटीशी आयुष्यभर झुंजणाऱ्या बायका बॉम्ब नको म्हणतात, तेव्हा आपण त्यांच्या वतीनं बॉम्ब मागू नयेत. शिवाय युद्धानंतर त्या राजवटीनं हेरगिरीच्या नावाखाली केवढी धरपकड केली, किती जणांना फासावर चढवलं! युद्धानं तिच्या हाती आणखी एक कोलीतच दिलं.

राहिला पंखा. सत्त्याण्णव साली पुण्यात कॅम्पात माझ्या खोलीवर तेहरानचा एक मुलगा राहायचा. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ होते. साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायचा. त्याच्या उशाशी घरचा एक फोटो होता, आई आणि मागे खिडकी. खिडकीच्या प्रत्येक काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुल्या. मला ती नक्षी वाटली, तसं मी म्हटलंही. तो म्हणाला, चिकटपट्टी आहे, १९८८ ची. इराकची क्षेपणास्त्रं पडायची तेव्हा काचेचे तुकडे अंगावर उडू नयेत म्हणून. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि पट्टी कापून द्यायचं काम त्याचं होतं. २०२५ च्या जूनमध्ये तिकडचं इंटरनेट बंद पडलं, चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. मग निरोप आला. लोक गाड्या काढून उत्तरेला कास्पियनच्या बाजूला निघाले होते, पण आईचे गुडघे गेलेत, ती जिना उतरायला तयार नव्हती. तिनं त्याला पट्टी आणायला पाठवलं. या खेपेला कापायचं काम त्याच्या मुलीनं केलं.

जूनमधल्या त्या बारा दिवसांच्या युद्धात इराणमध्ये हजाराहून जास्त माणसं मेली, इस्रायलमध्येही तीसेक. २३ जूनच्या रात्री कतारमधल्या अमेरिकी तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली, विमानतळ बंद झाले. आमच्या चिपळूणच्या शेजाऱ्यांचे दोन मुलगे दोह्यात नोकरीला आहेत, त्या घरात रात्रभर दिवा चालू होता. सरहद्दीवरचं तुम्ही सोसलंय तसं मी काही सोसलेलं नाही, हे कबूल. पण पंख्याखाली बसून युद्ध मागणाऱ्यांनाही तुम्ही हाच प्रश्न विचारावा, एवढी विनंती.

"मग उपाय काय?" असं तुम्ही शेवटी विचारलंय. निरीक्षकांना आत जाऊ द्यायचं, तो ४४० किलोचा हिशेब लावायचा, साठ टक्क्यांचा माल देशाबाहेर काढायचा किंवा पातळ करायचा, आणि त्याच्या बदल्यात निर्बंध टप्प्याटप्प्यानं उठवायचे, तेही पुन्हा हल्ला होणार नाही या हमीसकट. २०१५ च्या करारानंतर इराणनं जवळपास सगळा समृद्ध साठा जहाजात भरून रशियाला पाठवला होता, म्हणजे हे अशक्य नाही. वेळ लागेल, इराण आढेवेढे घेईल, कदाचित लपवालपवीही करेल. ती पकडायलाही आत माणूसच लागेल.

लेखातलं "ऊर्जेसाठी"चं वाक्य मी आज सकाळी दुरुस्त केलंय आणि चूक तुम्ही दाखवलीत असं तिथेच नोंदवलंय. १९८१ बद्दल तुमच्याकडे याहून वेगळी माहिती असेल तर जरूर पाठवा, न कापता छापेन.