पारावरचा न्याय आणि अर्धाच पाहिलेला सिनेमा

मामांनी घरच्या ग्रुपवर 'बुलंदी' या हिंदी सिनेमातला पंचायतीचा तुकडा टाकला. रजनीकांतचा ठाकूर निवाडा देतो आणि गाव माना खाली घालून ऐकतं. खाली मजकूर होता: "पूर्वी आपल्याकडे असाच न्याय व्हायचा. ना वकील, ना तारखा. गावचा मोठा बोलला की विषय संपला. त्यामुळे गावही टिकलं आणि कुटुंबही." तीन दिवसांत तोच व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या, आणि शेवटी आमच्या दूधवाल्याच्या स्टेटसवरही दिसला. फोनवर मामांशी वाद घालून पाहिला. "तुमी शहरातले लोकं, तुमाले काय समजते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेव्हा लिहूनच काढतो, त्यांच्या मजकुराच्या एकेका वाक्याला धरून.

"आपल्याकडे असाच न्याय व्हायचा." आपल्याकडे म्हणजे नेमकं कुठे? ही गोष्ट मुळात १९९४ च्या 'नाट्टामै' या तमिळ सिनेमाची. १९९५ मध्ये ती 'पेद्दरायुडू' नावाने तेलुगूत आली आणि २००० मध्ये टी. रामा राव यांनी हिंदीत आणली. नाट्टामै म्हणजे तिकडचा गावप्रमुख. हिंदीत त्याचा ठाकूर झाला आणि नागपूरच्या ग्रुपवर येता येता तो आपला पूर्वज होऊन बसला.

आपल्याकडे गोतसभा होती, म्हणजे गावच्या वतनदारांची, बलुतेदारांची सभा. वतनाचे, हद्दीचे वाद तिच्यापुढे जात, दोन्ही बाजूंच्या साक्षी होत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडपत्र, लिहिला जाई, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. पटलं नाही तर वर दाद मागायची सोयही होती. रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आजही घेतो ते नारायणराव पेशव्यांच्या खुनात त्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी धरलं म्हणून. आणि म्हण काय आहे? पाचामुखी परमेश्वर. सिनेमात मुख एकच, बाकीचं गाव ऐकायला. त्यात जातींना, बायकांना त्या जुन्या सभांमध्ये किती जागा होती हे वेगळंच दुखणं आहे. म्हणजे जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेलो नाही. पण निदान खरं जुनं तरी सांगा.

"ना वकील, ना तारखा." इथे मामांचं दुखणं मला कळतं. त्यांच्या वडिलोपार्जित चार एकरांच्या वाटणीचा दावा चौदा वर्षं चालला. सातबारा, फेरफार आणि वकिलाच्या पावत्या यांची पिशवी अजून त्यांच्या दिवाणाखाली आहे. कोर्टाच्या दिरंगाईवर त्यांनी मला कितीही सुनवावं, मी ऐकून घेईन. पण सिनेमातला निवाडा पाच मिनिटांत होतो, कारण उलट कोणी बोलायचंच नसतं. मामांच्या दाव्यात त्यांचा चुलतभाऊ पहिल्याच बैठकीत वरचढ ठरला असता. गावात वजन त्याचंच होतं.

"गावचा मोठा बोलला की विषय संपला." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. तो निवाडा होता तरी काय? ज्याने मुलीवर बलात्कार केला त्यानेच तिच्याशी लग्न करायचं, आणि त्याच्या घराला गावाबाहेर काढायचं. रविवारी मानेवाड्याला मामांकडे गेलो तेव्हा त्यांनी तो तुकडा मोठ्या टीव्हीवर पुन्हा लावला. मामी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अन् त्या पोरीले इचारलं का कोनी?" मामांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मामींनी पुढची शेंग उचलली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की बलात्काराच्या खटल्यात तडजोड झाली किंवा लग्नाची तयारी दाखवली म्हणून शिक्षा कमी करता येत नाही. मामींचा प्रश्न तोच होता, फक्त तुरीच्या शेंगांमधून आलेला.

आणि 'अख्खं गाव एका बाजूला' हे दृश्य बघून ज्यांना भरून येतं त्यांनी खैरलांजी विसरू नये. मोहाडी तालुका, भंडारा जिल्हा. नागपूरहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत परत येता येतं. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. शेतातल्या रस्त्याचा वाद होता, आणि घरातल्या बाईने एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. गावाचं गावात न ठेवता पोलिसांपुढे बोलली, हा तिचा गुन्हा. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. त्या निकालावर आजही लोक चिडून बोलतात, मीही बोलतो. पण बोलायला निकाल कागदावर आहे, कारणांसकट. पारावरच्या निवाड्याची नक्कल कुठून काढणार?

मजकुराखाली एका भाच्याने लिहिलं, "अक्कू यादव आठवा." आठवतो. १३ ऑगस्ट २००४, नागपूरचं जिल्हा न्यायालय. बलात्कारांचे आरोप असलेल्या या गुंडाला बायकांच्या जमावाने भर कोर्टात ठार मारलं. कस्तुरबानगरच्या बायका त्याआधी वर्षानुवर्षं तक्रारी घेऊन फिरल्या होत्या. पारावरच्या ठाकुराची वाट कोणी पाहत नव्हतं, पोलिसांनी ऐकावं एवढंच मागणं होतं. पुढे २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. हे उदाहरण मजकुराच्या बाजूने लागतच नाही.

गावात भांडण मिटवायला माझी ना नाही. त्याचा रस्ता आहे. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आठवा. बांधाचं, पाण्याचं, भाऊबंदकीचं कितीतरी गावातच मिटलं. पण त्या समितीच्या हातात दिवाणी, महसुली आणि फौजदारीतलं तडजोडपात्र तेवढंच आहे. खून-बलात्कार तिथे येतच नाहीत. वाळीत टाकणं तर महाराष्ट्रात गुन्हाच आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा सांगतो: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो सीन आज खरोखर कुठल्या पारावर झाला तर आरोपीसोबत निवाडा देणारेही गाडीत बसतील.

राहिलं "कुटुंबही टिकलं." मामा, तुम्ही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाय का हो? निवाडा ऐकून गावाबाहेर काढलेला माणूस न्याय देणाऱ्यालाच गोळी घालतो आणि पुढच्या पिढीपर्यंत सूड चालतो. मूळ तमिळ कथेत तर पुढचा नाट्टामै स्वतःच्या धाकट्या भावाला खोट्या आरोपावरून गावाबाहेर काढतो. भाऊ निर्दोष होता हे कळतं तेव्हा त्या धक्क्याने निवाडा देणाऱ्या नाट्टामैचाच जीव जातो. हा भाग मात्र तुमच्या व्हिडिओत कापलेला आहे.