सहा आठवड्यांत जुना पीबी? आधी पेसचा हिशोब करा

बरीच वर्षं पळणं सुटलेल्यांसाठी म्हणून एक मेसेज रनिंग ग्रुपांवर फिरतोय. सारांश असा: शरीर काही विसरत नाही. जुन्या पेसनेच (एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेने) सुरुवात करा. हळू पळाल तर हळूच राहाल. दर आठवड्याला अंतर 10 टक्के वाढवा, दुखापत होणार नाही. दुखलं तरी थांबू नका. कार्बन प्लेटचे (तळात कडक कार्बनची पट्टी असलेले) शूज घ्या आणि आजच एखादी रेस बुक करा. सहा आठवड्यांत जुना पीबी (पर्सनल बेस्ट, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ) परत!

परतलेल्या रनरला नेमकं हेच ऐकायचं असतं, म्हणून तर हा मेसेज इतका फिरतो. एकेक ओळ घेऊ.

"शरीर काही विसरत नाही."

विसरतं, आणि भराभर विसरतं. व्यायामाचे अभ्यासक एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये उत्तम तयारीच्या सात खेळाडूंचा सराव 84 दिवस बंद ठेवला आणि मोजमाप केलं. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) तीन आठवड्यांत 7 टक्क्यांनी उतरला, आठ आठवड्यांत 16 टक्क्यांनी. सुरुवातीची घसरण मुख्यतः हृदयाकडची होती: दर ठोक्याला ढकललं जाणारं रक्तच कमी झालं. स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं मात्र जवळपास जसंच्या तसं टिकलं होतं. म्हणजे मेसेजमध्ये तथ्य अजिबात नाही असं नाही, पण हा हिशोब 84 दिवसांचा आहे, चार-पाच वर्षांचा नाही. 'मसल मेमरी'चे (स्नायूंना जुना सराव आठवतो याचे) जे दाखले देतात, तेही बहुतेक ताकदीच्या व्यायामाचे असतात.

खरी गोम पुढेच आहे. परत सुरुवात केली की रक्तातला प्लाझ्मा आठवड्या-दोन आठवड्यांत वाढतो, चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम सापडल्यासारखा वाटतो. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि हाडं त्या वेगाने तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, पोटरी म्हणते थांब. पोटऱ्या, नडग्या आणि टाचेवरची कंडरा धरते ती बहुतेकदा याच टप्प्यावर, सगळं मस्त चाललंय असं वाटत असताना.

"जुन्या पेसनेच सुरुवात करा."

आकडे मांडून बघू. समजा जुना हाफ मॅरेथॉनचा (21.1 किमी) पीबी 1 तास 45 मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण 4:59. आज जीव तोडून पळाल्यावर 5 किमीला 27 मिनिटं लागतात, म्हणजे पेस 5:24. आता जुन्या वहीतला टेम्पो रन (जड पण झेपणाऱ्या पेसचा सलग रन) काढून 4:59 ने पळायला गेलात, तर तुम्ही टेम्पो करतच नाही आहात. आजच्या 5 किमी रेसच्या पेसपेक्षाही तो किलोमीटरला 25 सेकंदांनी जलद आहे. वहीत लिहिलंय 'जरा जड, पण आटोक्यात', आणि पाय करताहेत कडक इंटरव्हल (एरवी मधे विश्रांती घेत तुकड्यांत पळायचा जोराचा सराव), तेही सलग वीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला थांबावं लागतं आणि माणूस म्हणतो, "माझ्यात आता राम राहिला नाही." राम आहे, पेस चुकीचा आहे.

रेसच्या वेळेचा अंदाज काढायचं पीट रीगल यांचं सोपं सूत्र आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त, सुमारे 2.085 पट. त्या हिशोबाने 27 मिनिटांचा 5 किमी म्हणजे 10 किमीला 56 मिनिटं आणि हाफला सुमारे 2 तास 4 मिनिटं. ते सुद्धा लांब पल्ल्याची तयारी झालेली असेल तर. सरावाचे सगळे पेस या आजच्या वेळेवरून काढायचे. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा 5 किमी पळून बघायचं आणि आकडे बदलायचे. जुना पीबी ध्येय म्हणून भिंतीवर लावा, घड्याळात भरू नका.

"हळू पळाल तर हळूच राहाल."

मेसेजमधली सगळ्यात लोकप्रिय ओळ हीच, आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारीही हीच. 5 किमीच्या रेसमध्येसुद्धा 90 टक्क्यांहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर मिळते, आणि ती यंत्रणा बांधायचं मुख्य काम इझी रन (आरामात, सावकाश पळणं) करतात. क्रीडा अभ्यासक स्टीफन सायलर यांनी अव्वल एन्ड्युरन्स (दीर्घ दमाच्या) खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाचातले साधारण चार सेशन कमी जोराचे निघाले.

कॅनडाचे रनर एड व्हिटलॉक यांचं उदाहरण तर थेट परतणाऱ्यांचंच. विशीत कॅनडाला गेल्यावर पळणं सुटलं, ते चाळिशीत परतले. त्यांची आयुष्यातली सर्वोत्तम मॅरेथॉन, 2:31:23, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आली. 2004 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी टोरांटोत 2:54:48 लावले. उतारवयातला त्यांचा सराव काय होता? घराजवळच्या दफनभूमीत तीन-तीन तास सावकाश फेऱ्या. वेगासाठी अधूनमधून छोट्या रेस. तीन तास पळणं सगळ्यांनी करावं असं नाही (मी तर अजिबात सुचवणार नाही), पण हळू पळून माणूस हळूच राहतो, हे काही पटत नाही.

इझी म्हणजे किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर ते इझी नाही, घड्याळ काहीही दाखवो.

"10 टक्के वाढवा, दुखापत होणार नाही."

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला पाचशेहून अधिक नवख्या रनरांवर हे तपासलं गेलं, निकाल 2008 मध्ये आले. हळूहळू वाढवणाऱ्या आणि नेहमीचा कार्यक्रम करणाऱ्या अशा दोन्ही गटांत पाचातला साधारण एक जण जायबंदी झाला. 2025 मध्ये 5,205 रनरांच्या नोंदींतून वेगळंच चित्र पुढे आलं: आठवड्याच्या बेरजेपेक्षा धोका एकाच दिवशी मारलेल्या उडीत होता. गेल्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब रनपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त पळालात की दुखापतीची शक्यता वाढते. तेव्हा आठवड्याची बेरीज कितीही शिस्तीत असू द्या, महिन्याभरात 8 किमीपुढे गेला नसाल आणि रविवारी मित्रांच्या नादाने 14 मारलेत, तर टक्केवारी कामाला येणार नाही.

"दुखलं तरी थांबू नका."

दोन्ही मांड्या दुसऱ्या दिवशी सारख्याच ठणकताहेत, चालू लागलं की मोकळ्या होताहेत, तर इझी पळायला हरकत नाही. नडगीवर बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येतंय, एका पायावर उडी मारली की कळ जातेय, रात्री झोपेतही दुखतंय, तर हाडाला इजा झालेली असू शकते. पळणं बंद, डॉक्टरकडे जा.

"कार्बन प्लेटचे शूज घ्या."

रेसला फायदा होतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या वेळेतली तफावत शूजमुळे नाही.

"आजच रेस बुक करा."

ही ओळ मला मान्य आहे. फक्त हाफ नको, 5 किमी करा. वेळ कितीही लागो, तीच पुढच्या सगळ्या पेसची सुरुवात धरा.