प्लॅन म्हणा नाहीतर स्ट्रॅटेजी, पण एकदाचं ठरवा ना!

डोकं फिरलंय आज. साधा प्रश्न आहे हो, दिवाळीआधी दुसरी शिफ्ट चालू करायची का नाही, मशीन आहेत, ऑर्डर आहे, आणि आमच्याकडे वाद कशावर तर स्लाईडच्या टायटलवर! मी लिहिलं 'प्रॉडक्शन प्लॅन'. नको म्हणे, प्लॅन फार ज्युनिअर वाटतो, स्ट्रॅटेजी कर. केलं. मग दुसरे साहेब उगवले, अरे स्ट्रॅटेजी वरची लोकं करतात, आपण रोडमॅप म्हणूया. मग एचआरच्या मॅडम, रोडमॅप नको, ॲप्रोच छान वाटतो. आत काय लिहिलंय ते वाचलं का पण कोणी? तक्ता तोच, तारखा त्याच, एक आकडा बदललेला नाही.

बरं शब्दांचा एवढा पुळका आहे तर अर्थ तरी बघा की राव. क्लाउझेविट्झ नावाचा प्रशियन सेनापती होता, तो गेल्यावर 1832 मध्ये त्याचं युद्धावरचं लिखाण छापायला लागले, त्यात त्याने सरळ फोड करून ठेवलीये, की एका लढाईत फौज कशी वापरायची ते टॅक्टिक्स आणि युद्धाचा हेतू साधायला लढाया कशा वापरायच्या ती स्ट्रॅटेजी. आमच्या धंद्यात सांगायचं तर कोणत्या गिऱ्हाइकाचं काम धरायचं आणि कोणाला तोंडावर नाही म्हणायचं ही स्ट्रॅटेजी, पीसमागे दोन रुपये पाडून समोरच्याची ऑर्डर पळवायची हे टॅक्टिक, आणि कुठला पार्ट कुठल्या मशीनवर कधी चढवायचा तो प्लॅन. काय अवघड आहे यात? आमच्याकडे नाही कोणालाच म्हणत नाहीत, येईल ती ऑर्डर घेतात आणि मग डिस्पॅचवाल्याच्या नावाने बोंब मारतात, त्यामुळे ती स्ट्रॅटेजी काय ती फक्त टायटलमध्येच.

सरकारचं बघा, योजना आयोग गेला, 2015 ला नीती आयोग आला, त्यांनी निदान पंधरा वर्षांचं व्हिजन, सात वर्षांची स्ट्रॅटेजी, तीन वर्षांचा ॲक्शन अजेंडा अशी वाटणी तरी मांडली. त्याचं पुढे काय झालं तो वेगळा विषय. पण कुठला शब्द किती लांबचा हे कागदावर तरी होतं, इथे शब्द पगार बघून वाटतात, सुपरवायझरने केला तर प्लॅन, तोच कागद डायरेक्टरने पुढे सरकवला की स्ट्रॅटेजी.

आणि जिथे खरंच शब्द बघायला हवा तिथे सगळे गप्प! अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला मेल गेला त्यात 'अवर न्यू स्कीम', आपल्याला स्कीम म्हणजे सरकारी योजना नाहीतर भिशी, पण तिकडे त्या शब्दाला कट-कारस्थानाचा वास येतो. तो बरोब्बर तसाच गेला, कोणाला खटकला नाही.

आज तर कहर झाला. मीटिंगच्या आधी साहेबांनी स्वतःच फाइंड-रिप्लेस मारलं, प्लॅनच्या जागी स्ट्रॅटेजी, रिप्लेस ऑल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये प्लॅन कुठे कुठे लपलेला असतो याचा विचार करायला वेळ कोणाला आहे? चाकण प्लँटचं झालं 'चाकण स्ट्रॅटेजीट', एक्स्प्लनेशनचं 'एक्स-स्ट्रॅटेजी-एशन', आणि हे प्रोजेक्टरवर, हॉलभर माणसं बसलेली असताना! वर मलाच विचारतात, फाईल चेक नाही का केलीस? मेलमध्ये वेळ बघा ना साहेब, शेवटचं सेव्ह कोणी केलंय ते पण दिसतं फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये.

मीटिंग संपली, पुढच्या आठवड्यात परत बसायचं ठरलं, दुसऱ्या शिफ्टचं नाव नाही. तिकडे लेबर कॉन्ट्रॅक्टर सकाळपासून फोन करतोय, साहेब माणसं किती पाठवू, गाडी सांगायला लागते, पोरं गावाला निघून जातील. काय सांगू त्याला, ॲप्रोच फायनल व्हायचाय म्हणून?