जावळीची एकोणपन्नास मतं

नोव्हेंबर २०२१ मधली सातारा जिल्हा बँकेची निवडणूक आठवते का? जावळीच्या सोसायटी मतदारसंघात माजी मंत्री शशिकांत शिंदे एका मताने पडले. ज्ञानदेव रांजणेंना पंचवीस, शिंदेंना चोवीस. शेजारच्या पाटणमध्ये तेव्हाचे राज्यमंत्री शंभूराज देसाई हरले. कोणी कोणाचा गेम केला, याचीच चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली. माझ्या डोक्यातून मात्र ती बेरीज जात नाही. अख्ख्या तालुक्यातून एकोणपन्नास मतं! पीककर्ज काढणारा, मार्चअखेर नवं-जुनं करणारा, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलणारा शेतकरी या मतदानात कुठेच नव्हता. आणि हे सगळं नियमाला धरूनच झालं.

गावची विकास सोसायटी, म्हणजे पीककर्ज देणारी शेतकऱ्यांची सहकारी संस्था, आपली. तिथे एक सभासद, एक मत. आपण संचालक निवडून देतो. जिल्हा बँकेची निवडणूक लागली की सोसायटी ठराव करते, आपल्या वतीने मत अमुक माणूस टाकणार. बस्स, सगळी लढाई त्या एका नावावर. हे ठरावधारक मग सहलीला जातात आणि मतदानाच्या दिवशी गाडीतून थेट केंद्रावर उतरतात. कोल्हापुरात गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीतही मत ठरावधारकाचंच, रोज पहाटे धार काढणाऱ्या बाईचं नाही. आमच्या गावात मी विचारून पाहिलं, मागचा ठराव कोणाच्या नावाने झाला होता? सोसायटीचं दप्तर सांभाळणारा गटसचिव सोडून कोणालाच धड सांगता आलं नाही.

बाजार समितीचंही तेच. तिथे सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य मतदार असतात. म्हणून तर ग्रामपंचायतीच्या एकेका वॉर्डात आमदारांची माणसं रात्र रात्र बसून असतात. तिथला सदस्य गटार-रस्त्यापुरता नसतो, तो बाजार समितीचं मत असतो. तिथून जिल्हा परिषदेचं तिकीट, आणि पुढे विधानसभा.

यावर शहरातले मित्र म्हणतात, सहकारातून राजकारण हद्दपार करा. मला हे अजिबात पटत नाही. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा. दोन्ही एकाच काळात उभे राहिले आणि कुणब्याच्या पोराला त्यांनीच पहिल्यांदा सत्तेच्या खुर्चीपर्यंत नेलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ ला पहिला हंगाम घेतला, तेही गावोगाव शेअर गोळा करून. तेही राजकारणच होतं, आणि चांगलं राजकारण होतं. आजही कारखान्याला ऊस उत्पादक सभासद स्वतः मत देतो. म्हणून चेअरमनला निदान पाच वर्षांनी तरी बांधावर यावं लागतं, तोड का लांबली, बिल का थकलं, हे ऐकून घ्यावं लागतं. जिल्हा बँकेच्या संचालकाला सामान्य सभासदाच्या दारात यायची गरजच पडत नाही.

हे बदलता येतं. २०१७ साली राज्य सरकारने दहा गुंठे जमीन असलेल्या आणि समितीत माल विकणाऱ्या शेतकऱ्याला बाजार समितीत थेट मत दिलं होतं. २०२० साली दुसऱ्या सरकारने ते काढून घेतलं. कारण काय, तर निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपत नाही. पुढे शेतकऱ्याला उमेदवारीची मुभा मिळाली, मत नाही. म्हणजे शेतकऱ्याने उभं राहायचं, पण स्वतःलाही मत द्यायचं नाही! खर्चाचं कारण मला मान्य नाही. शेतमालावर बाजार फी घेणाऱ्या समितीला शेतकऱ्याचं मत घेणं महाग कसं वाटतं?

जिल्हा बँक, दूध संघ, बाजार समिती, तिन्हीकडे मूळ सभासदाला थेट मत हवं. याची मागणी सगळ्याच पक्षांकडे करायला हवी, कारण ठरावावर सगळ्यांचीच घरं चालतात. कायदा बदलेपर्यंत निदान एवढं करा: सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायटीची वार्षिक सभा होते, तिला जा. यापुढे मतदानाचा ठराव सगळ्या सभासदांसमोर होईल, असा विषय मांडा आणि तो प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहून घेतल्याशिवाय उठू नका.