सांगलीतल्या विश्रामबागच्या वाचनालयाकडून रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही, पुस्तक कोणाकडे गेलंय विचारलं तर नाव सांगत नाही, पीडीएफ देत नाही आणि वर "ईमेल करा" म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं खरं आहे आणि आम्ही ते मुद्दाम तसंच ठेवलंय.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्याकडे कॉलेजच्या मुली येतात, घरी न सांगता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या सुना येतात, त्यांचे नंबर अनोळखी माणसाला का द्यायचे? आणि कोण काय वाचतंय हे तर त्याहून खाजगी, कुणी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेतं कुणी कॅन्सरवरचं, आम्ही नावं सांगायला लागलो तर लोक ती पुस्तकं न्यायचीच बंद करतील. म्हणून तुमचं नाव त्या पुस्तकाच्या प्रतीक्षा यादीत लावतो, पुस्तक परत आलं की फक्त तुम्हालाच मेसेज. नवीन पुस्तकांची यादी व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टने, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा, अशी जाते, पण आमचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह नसेल तर ती येतच नाही, तेवढं बघून घ्या.

मुदत वाढवायची, आज उघडं आहे का, असलं काही असेल तर मेसेजच करा, तासगाव पलूसवरनं एसटीने येणाऱ्याची फेरी वाचते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं हेच आहे, वाचकाचा वेळ वाचवा. पण तुम्हाला पाहिजेत जुन्या मासिकांतले लेख, आणि लेखक, साल, अंक सगळं एका व्हॉइस नोटमध्ये. असलं शोधायला दिवस जातात, काउंटरवर सकाळी एकजण असतो संध्याकाळी दुसरा, ईमेल असला की दोघांनाही दिसतो, आधी काय शोधून झालं ते कळतं, महिन्यानंतरही सापडतो. चॅटमध्ये तेच चार दिवसांत कुठल्या कुठे वर जातं.

अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ मात्र मिळणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क शाबूत राहतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला आधीच किती वर्षं लागतात, फुकट पीडीएफ फिरायला लागल्यावर छापणार कोण? कॉपीराइटची मुदत संपलेलं काही पाहिजे असेल तर मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर बघून लिंक पाठवतो, आनंदाने.

तुमच्या लेखांची यादी ईमेलवर टाका, सब्जेक्टमध्ये मासिकाचं नाव आणि साल लिहा, पत्ता पावतीवर आहे.