भंगारातला कोबाल्ट आणि आपल्या भट्ट्या

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत गेली अठरा वर्षे भंगाराची खरेदी माझ्याकडे आहे. गाडी वजनकाट्यावरून आली की माल उतरवून घ्यायचा, चुंबक लावायचे, शंका आली तर हातोडीने ठोकून नाद ऐकायचा आणि मगच तो भट्टीत जाऊ द्यायचा, एवढीच आमची तपासणी. किरणोत्सर्गी धातू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे घातक किरण सोडणारा धातू, या तपासणीतून सहज निसटतो, कारण त्याला ना वास असतो, ना वेगळा रंग, ना वेगळा नाद.

2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 1985 पासून पडून राहिलेले कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचे यंत्र लिलावातून आले, ते फोडले गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्ट-60 ची ताकद सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे पंचवीस वर्षांत ती सत्ताविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरली होती, तरी तेवढी माणूस मारायला पुरली. त्याच्या दोन वर्षे आधी भारतीय पोलादाची लिफ्टची बटणे फ्रान्समध्ये किरणोत्सर्गी निघाली होती. कुठल्या तरी भट्टीत भंगाराबरोबर कोबाल्ट वितळला होता. ती भट्टी आमचीही असू शकली असती, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून मला वाटते की जे काम विजेवर चालणारे यंत्र करू शकते, तेथे असे किरणोत्सर्गी स्रोत ठेवूच नयेत. रक्तपेढीत रक्तावर किरणांचा मारा करण्यासाठी सीझियम-137 हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरतात. तेच काम क्ष-किरणांचे यंत्र करते, आणि ते उद्या भंगारात आले तरी त्यातून तांबे आणि लोखंडच निघेल. ब्राझीलमधील गोयानिया येथे 1987 साली बंद पडलेल्या दवाखान्यात राहून गेलेल्या सीझियमच्या भुकटीने चार बळी घेतले. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सीझियम काचेत बसवून ते भुकटीसारखे पसरणार नाही अशी सोय केली, याचा मला अभिमान आहे. पण काचेतला स्रोतही कोणाला तरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावाच लागतो.

मात्र सरसकट सगळा कोबाल्ट हटवा, असे मी म्हणणार नाही. माझ्या मावशीला खानापूरहून मिरजेला नेऊन ‘लाईट’ दिली, म्हणजे कर्करोगावर किरणांचा उपचार केला, तो कोबाल्टच्या यंत्राने, आणि त्यानंतर ती चौदा वर्षे जगली. कोबाल्टऐवजी विजेवर किरण तयार करणाऱ्या नव्या यंत्राला, म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरला अखंड वीज लागते, थंडाव्याची व्यवस्था लागते, दुरुस्तीला जाणकार माणूस लागतो. पावसाळ्यात आमच्या तालुक्यात वीज किती वेळा जाते हे ज्याला ठाऊक आहे, तो नवे यंत्र नीट चालू होण्याआधी जुने काढू देणार नाही.

खरे आंतरराष्ट्रीय सहकार्य हवे ते येथे. फ्रान्सने रक्तपेढ्यांतील सीझियम बदलून दाखवले. अमेरिकेचे सरकार तेथील रुग्णालयांना नव्या यंत्राच्या किमतीत हातभार लावते आणि जुना स्रोत स्वखर्चाने उचलून नेते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2022 मध्ये गरीब देशांतील कर्करुग्णांसाठी ‘रेज ऑफ होप’ हा उपक्रम सुरू केला. त्यात यंत्राबरोबर माणसे तयार करण्यावरही भर आहे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. यंत्र देणाऱ्या प्रत्येक करारात सुट्या भागांची हमी, प्रशिक्षण आणि जुना स्रोत कोण, केव्हा, कोठे नेणार हे लिहिलेले असलेच पाहिजे. ते होईपर्यंत आमच्या वजनकाट्याशेजारी किरणमापक बसवावा, अशी लेखी मागणी मी मालकांकडे केली आहे, आणि उद्यमबाग व मच्छेतील इतर फाउंड्रीवाल्यांनीही ती करावी अशी माझी विनंती आहे.