खुलासा : कोकणात ब्लेड दोन दिवसांत गंजत नाही
‘कोकणच्या खाऱ्या हवेत दुधारी ब्लेड दोन दिवसांत गंजतं, नवख्यांनी ब्रश-रेझरच्या भानगडीत पडू नये,’ असा मेसेज सध्या रत्नागिरी-मालवणकडे फिरतोय. हे खरं नाही.

पूर्वीची कार्बन स्टीलची ब्लेडं खरंच पटकन गंजायची. १९६०च्या दशकात स्टेनलेस ब्लेडं आली आणि आज दुकानात बहुतेक तीच मिळतात. दाढी झाली की रेझर नळाखाली धरा, झटका आणि मोरीबाहेर वाऱ्याला ठेवा. धार टॉवेलने पुसू नका. ती खराब होते, बोटही कापतं.

खरी अडचण असते पाण्याची. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्यात फेस धरतच नाही, ब्रशच्या केसांना नुसता पांढरट साका चिकटतो. दाढीपुरतं कपभर गोडं पाणी घ्या, एवढंच. आणि दाबू नका! रेझरचं ब्लेड गालाशी साधारण ३० अंशांत धरून केसांच्या दिशेने हलकेच फिरवा. उलटा हात सुरुवातीला नकोच.

तुरटी जरूर लावा, बारीक रक्त थांबतं. पण तिने धनुर्वात टळतो, ही त्याच मेसेजमधली ओळ धोकादायक आहे. धनुर्वातापासून संरक्षण लशीनेच मिळतं.